वाचकांचे प्रश्न : साडेपाचशे किलोची गाडी

चौकोनी पोलादी नळ्यांची चौकट, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे इंजिन, जोर मागच्या चाकांना. दार नाही, छत नाही आणि वजन साडेपाचशे किलोच्या आसपास. ही जात कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली इंग्लंडमध्ये ‘सेव्हन’ या नावाने रूढ केली. १९७३ पासून केटरहॅम कंपनी तीच गाडी बनवते. सुट्या भागांचा संच आणून घरी जोडलेल्या गाडीवर ब्रिटनमध्ये त्या काळी खरेदी-कर लागत नसे, म्हणून ती किट कार म्हणून पसरली. आपल्याकडे अशी चौकट कुणी तयार आणतं, कुणी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग करून घेतं आणि इंजिन-गिअरबॉक्स बहुधा मारुती जिप्सीचा बसवतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : चौकट तयार आहे, जुन्या जिप्सीचं इंजिन आणि आरसी माझ्या नावावर आहे. त्याच कागदावर गाडी केए २२ नंबरने रस्त्यावर आणता येईल का? (वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

नाही. पैसे खर्च करण्याआधी हे उत्तर पक्कं डोक्यात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक जागी चालवता येत नाही. नव्या बनावटीच्या गाडीला नोंदणीआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली नमुना-मान्यता लागते. ही चाचणी पुण्याची एआरएआय किंवा तशाच मान्यताप्राप्त संस्था करतात आणि ती उत्पादकाच्या मॉडेलसाठी असते. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची आयव्हीए नावाची तपासणी होते आणि तिला नंबर मिळतो. तिथले व्हिडिओ पाहून इथला अंदाज बांधू नका.

जिप्सीच्या आरसीचा आधारही घेता येणार नाही. कलम ५२ मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. तुमच्याकडे तर बदललेली जिप्सी नाही, वेगळीच गाडी आहे. जिप्सीचा चेसिस नंबर नव्या चौकटीवर चढवणं हा गुन्हा ठरतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. जिप्सी मोडली असेल तर कलम ५५ प्रमाणे आरटीओला कळवून तिची नोंदणी रद्द करून घ्या. कायद्यात त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे.

मग गाडी चालवायची कुठे? स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या बंदिस्त जागेत आणि ट्रॅकवर. कोइमतूरचा कारी ट्रॅक आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक हे दक्षिणेतले दोन मोठे पर्याय. तिथवर गाडी चौदा फुटी टेम्पोतून न्या. पट्टे चौकटीला न बांधता चारही टायरांवरून आवळा, म्हणजे स्प्रिंगा मोकळ्या राहतात आणि नळ्यांवर ताण येत नाही. रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान), चार टोकांचा सीटबेल्ट आणि अग्निशामक यांबाबत त्या ट्रॅकचे नियम आधीच विचारून घ्या, कारण या वस्तू मागाहून बसवायच्या तर चौकटीला पुन्हा वेल्डिंग करावं लागतं.

प्रश्न : जोरात ब्रेक दाबला की पुढचं उजवं चाक आधी घसटतं आणि गाडी डावीकडे ओढते. कॅलिपर उघडून साफ केले, पॅड नवीन घातले, होज बदलले. तरी तेच. (वाचक, उद्यमबाग, बेळगाव)

दोष बहुधा ब्रेकमध्ये नाही, चाकांवरच्या वजनात आहे. उजव्या पुढच्या चाकावर भार कमी असेल तर दोन्ही चाकांना सारखाच ब्रेक मिळूनही उजवं आधी अडकतं. अडकलेल्या चाकाची पकड घटते, डावं चाक जास्त रोखतं आणि गाडी डावीकडे जाते. एक टनाच्या गाडीत वीस किलोचा फरक जाणवत नाही. तुमच्या गाडीत पुढच्या एका चाकावर एकूण भारच दीडशे किलोच्या आत असतो, त्यामुळे तेवढाच फरक लगेच कळतो.

चार काटे लागतील. बाथरूममधले काटे बहुधा दीडशे किलोपर्यंतच जातात आणि मागच्या चाकाला ते अपुरे पडतात. मार्केट यार्डात अडत्यांकडे असतात तसे ३०० किलोचे इलेक्ट्रॉनिक काटे एका दिवसासाठी मिळाले तर उत्तम. चारही काट्यांची पृष्ठभागाची उंची गवंड्याच्या पाण्याच्या नळीने मिळवा आणि खाली पत्र्याच्या चकत्या घालून एक-दोन मिलिमीटरच्या आत आणा. इथे आळस केला तर पुढचे सगळे आकडे खोटे येतात.

आता गाडीची तयारी. हवा चारही चाकांत ठरलेली, पेट्रोलची टाकी अर्धी, सीटवर चालवणाऱ्याच्या वजनाइतकी वाळूची पोती, अँटी-रोल बारची (वळणात गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याची) एक कडी सुटी. गाडी जॅकने उचलून काट्यावर ठेवू नका, ढकलत चढवा. उचललेली चाकं खाली येताना आत-बाहेर सरकतात आणि सस्पेन्शन अडकून राहतं. चढवल्यावर चारही कोपरे दाबून हलवा, मगच आकडे घ्या.

समजा आकडे असे आले : पुढचं डावं १५०, पुढचं उजवं १३०, मागचं डावं १५०, मागचं उजवं १७०. एकूण ६०० किलो. आता कर्ण पाहा. पुढचं उजवं अधिक मागचं डावं मिळून २८०, म्हणजे ४६.७ टक्के. ते ५० टक्क्यांवर आणायचं आहे. स्प्रिंगखालची चकती वर फिरवली की त्या कोपऱ्यावर आणि त्याच्या समोरच्या कर्णावरच्या कोपऱ्यावर भार वाढतो, उरलेल्या दोघांवरचा घटतो. म्हणून पुढचं उजवं आणि मागचं डावं अर्धा आटा वर, पुढचं डावं आणि मागचं उजवं अर्धा आटा खाली. चारही कोपरे असे थोडे थोडे हलवले तर गाडीची उंची बदलत नाही. पुन्हा हलवा, पुन्हा मोजा. शेवटी १४०, १४०, १६०, १६० च्या जवळ आलात की काम झालं. पुढच्या दोन चाकांची बेरीज २८० होती ती २८०च राहते आणि डाव्या बाजूची ३०० ची ३००च. स्प्रिंग फिरवून फक्त कर्ण सुधारतो. पुढे-मागे किंवा डावं-उजवं वजन बदलायचं तर बॅटरी, टाकी, सीट यांसारखी वस्तूच सरकवावी लागते.

अँटी-रोल बारची कडी परत जोडताना ती ओढून किंवा दाबून बसवू नका. भोक सहज जुळेल एवढी तिची लांबी फिरवून घ्या, नाहीतर मेहनत करून आणलेला कर्ण तिथेच पुन्हा बिघडतो. त्यानंतर दोरीने अलाइनमेंट तपासा. गाडीच्या दोन्ही बाजूंना, मध्यरेषेला समांतर अशा दोन दोऱ्या चाकांच्या मध्याच्या उंचीवर ताणा आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून अंतर मोजा. पुढचा टो (वरून पाहता चाकांची दिशा) समांतर किंवा किंचित बाहेर, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) ऋण दीड ते दोन अंश, म्हणजे चाकाचा माथा आत, ही बहुतेक सेव्हन जातीच्या गाड्यांसाठी सुरुवात करायला योग्य जागा.

स्प्रिंगखालच्या चकत्या सारख्या उंचीवर असूनही कर्ण दहा टक्क्यांनी चुकत असेल तर मात्र चौकट पिळलेली आहे. वेल्डरने एका बाजूचे सगळे सांधे सलग भरले की उष्णतेने नळ्या ओढल्या जातात. अशा चौकटीचे कर्ण मोजपट्टीने तपासा. ती जिगवर (चौकट सरळ धरणाऱ्या साच्यावर) परत न घेता स्प्रिंगांनी सावरायचा प्रयत्न केलात तर आयुष्यभर आटे फिरवत राहाल.

प्रश्न : टायरमध्ये हवा किती? पंपवाला ३२ भरतो. (वाचक, संकेश्वर)

थंड टायरला १८ ते २० पीएसआय. ३२ हा जड गाडीचा आकडा आहे. हलक्या गाडीत तेवढी हवा भरली की टायर मध्यभागीच टेकतो, खड्ड्यावर उडतो आणि गरमही होत नाही. रबर न झिजताच म्हातारं होतं, त्यामुळे खाच खोल दिसली तरी टायरच्या बाजूवरचा चार अंकी तारीख-कोड पाहा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर या गाडीवर ठेवू नका.

प्रश्न : जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन आहे. टर्बो बसवू की मोठं इंजिन शोधू? (वाचक, निपाणी)

दोन्ही नको, निदान आत्ता नको. ८० हॉर्सपॉवर साडेपाचशे किलोला म्हणजे टनाला साधारण १४५. मूळ जिप्सी जवळपास टनाची, तिला तेच इंजिन टनाला ८० देतं. वेग तुम्हाला आधीच मिळालेला आहे. वीस किलो कमी केलेत तर तीन हॉर्सपॉवर वाढवल्यासारखं होतं. शिवाय तेच वीस किलो ब्रेकला, वळणाला आणि टायरलाही उपयोगी पडतात. टर्बोतून हे तीन फायदे मिळत नाहीत, उलट पाइप, इंटरकूलर आणि जास्तीचं पाणी यांचं वजन पुढच्या चाकांवर येतं. मूळ गाडीचं सीट काढून फायबरचं बकेट सीट, लोखंडी एक्झॉस्ट मॅनिफोल्डऐवजी नळ्यांचा, शिशाच्या बॅटरीऐवजी लहान लिथियम-फॉस्फेट (चार्जिंगचा व्होल्टेज १४.४ च्या वर जात नाही ना ते मोजून), ही यादी आधी संपवा.

पैसे इंजिनमध्येच घालायचे असतील तर तेलाच्या चेंबरमध्ये घाला. जमिनीपासून उंची मिळावी म्हणून चेंबर कापून उथळ करतात आणि त्यातून इंजिनं मरतात. २०० बाय ३०० मिमीच्या चेंबरमधून ४० मिमी कापलं की २.४ लिटर तेलाची जागा गेली. ती बाजूला पंख काढून भरून घ्यावी लागते. त्याहून मोठा धोका वळणात. चांगल्या टायरवर गाडी वळली की तेल चेंबरच्या एका भिंतीवर चढतं, तेल ओढणारी पिकअप नळी हवा ओढते आणि बेअरिंग काही सेकंदांत जातं. उपाय असा : पिकअपभोवती पत्र्याची पेटी आणि तिला फक्त आत उघडणाऱ्या बिजागरीच्या झडपा. तेल आत येतं, वळणात बाहेर जात नाही. उद्यमबाग किंवा मच्छेतल्या कुठल्याही चांगल्या पत्राकाम करणाऱ्याला हे जमेल, पण बिजागरी कापडी किंवा रबरी नको. गरम तेलात ती फुगते, तुटते आणि तुकडा पिकअपच्या जाळीला चिकटतो. तेलाच्या दाबाचा दिवा मूळ गाडीत फार खालच्या दाबाला पेटतो. तो सुमारे १.४ बारला पेटेल असा स्विच लावा आणि दिवा स्टिअरिंगच्या अगदी समोर, मोठा ठेवा. वळणात नुसता लुकलुकला तरी पाय उचला.

प्रश्न : गोव्यात जुळवलेले जोड कार्ब्युरेटर बेळगावात काळा धूर देतात. काय बदलायचं? (वाचक, शहापूर, बेळगाव)

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथली हवा साधारण आठ टक्के विरळ, त्यामुळे मिश्रण सुमारे चार टक्के गडद होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं. वेबर जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये मेन जेटचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १३० असेल तर १२७.५ घाला, भोकाचं क्षेत्रफळ तेवढ्यानेच चार टक्के घटतं. आयडलचा स्क्रू वेगळा जुळवा. गाडी ट्रॅकसाठी चेन्नईला नेताना १३० परत लावायला विसरू नका. समुद्रकाठी कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं मिश्रण पिस्टन जाळतं, काळ्या धुराने मात्र फक्त प्लग खराब होतात.

प्रश्न : ब्रेक पेडल दगडासारखं कडक आहे, पूर्ण जोर लावला तरी गाडी हवी तशी थांबत नाही. (वाचक, गोकाक)

मूळ गाडीचा मास्टर सिलिंडर ठेवला आणि पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो काढला, असं झालेलं दिसतं. या वजनाला सर्व्हो लागत नाही, पण त्याचं काम पेडलच्या प्रमाणाने आणि सिलिंडरच्या व्यासाने करून घ्यावं लागतं. आधी पेडल मोजा. खुंटीपासून पायाच्या पट्टीपर्यंतचं अंतर भागिले खुंटीपासून पुशरॉडपर्यंतचं अंतर. सर्व्होच्या गाडीत हे प्रमाण चारच्या आसपास असतं, तुम्हाला पाच ते सहा हवं.

मग व्यास. पाऊण इंची, म्हणजे १९ मिमीच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंटिमीटर. ३० किलोचा पाय आणि चारचं प्रमाण घेतलं तर तेलात दाब येतो ४२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. पाच अष्टमांश इंची, म्हणजे १५.९ मिमीचा सिलिंडर घेतला तर क्षेत्रफळ १.९८ आणि त्याच पायाने दाब ६१. प्रमाणही पाच केलं तर ७६. किंमत चुकवावी लागते ती पेडलच्या प्रवासात : सिलिंडरमुळे १.४४ पट, प्रमाणामुळे आणखी १.२५ पट, म्हणजे एकूण १.८ पट. म्हणून दोन्ही बदल एकदम करू नका. आधी एक करा आणि पेडल तळाला टेकत नाही ना ते पाहा. बॅलन्स बारवर दोन वेगळे सिलिंडर असतील तर पायाचा जोर दोघांत वाटला जातो, तेव्हा गणित प्रत्येकाचं वेगळं करा.

पॅडही तपासा. ‘रेसिंग’ म्हणून विकलेले कडक पॅड तापल्यावरच पकडतात आणि हलकी गाडी त्यांना तापवतच नाही. इथे मऊ, थंडीतही पकडणारा पॅड हवा. ब्रेक ऑइल डॉट ४ दरवर्षी बदला. कोरडं असताना ते किमान २३० अंशाला उकळतं, ओल शोषल्यावर १५५ पर्यंत उतरतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल शोषायला वेळ लागत नाही.

सगळं झाल्यावर मोकळ्या आवारात ओल्या जमिनीवर ४० च्या वेगाने ब्रेक दाबा आणि एकाला लांब बाजूला उभं करून पाहायला सांगा. पुढची चाकं आधी अडकली पाहिजेत. मागची आधी अडकली तर गाडी फिरेल. मागच्या लाइनला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नका.

प्रश्न : मे महिन्यात दोन-तीन फेऱ्यांतच इंजिन तापतं. रेडिएटर नवीन, मोठा ॲल्युमिनियमचा आहे. (वाचक, चिकोडी)

रेडिएटर नाकात खाली आणि इंजिनचं हेड त्याहून वर, त्यामुळे हवा हेडमध्येच अडकून बसते. पाणी भरायची हेडर टाकी संपूर्ण प्रणालीत सगळ्यात उंच आहे का ते आधी पाहा. नसेल तर वर न्या आणि हेडपासून तिला बारीक नळी जोडा. पाणी भरताना गाडीचं नाक जॅकवर उचला. दुसरं कारण हवेचं. रेडिएटरच्या कडेने फट असेल तर वारा सोप्या वाटेने, म्हणजे रेडिएटरला वगळून जातो. फोमच्या पट्टीने चारही कडा बंद करा. या पट्टीने जितका फरक पडतो तितका मोठ्या रेडिएटरनेही अनेकदा पडत नाही.

आणि बोअरचं पाणी अजिबात घालू नका. चिकोडी-अथणी भागातल्या क्षारांनी रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून बुजतात. डिस्टिल्ड पाणी आणि तिसरा हिस्सा कूलंट पुरेसं. ०.९ बारचं झाकण नीट बसत असेल तर उकळबिंदू ११५ च्या पुढे जातो, झाकणाचं रबर कडक झालं असेल तर शंभरालाच उकळी फुटते.

प्रश्न : जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये उभी असते. कणकुंबीकडचा पाऊस, भिंतीही ओल्या. काय काळजी घ्यावी? चौकटीला गंज कुठे लागतो? (वाचक, खानापूर)

ॲल्युमिनियमचा पत्रा आणि लोखंडी नळी यांच्यामध्ये ओला चिखल राहिला की पत्रा पांढऱ्या भुकटीसारखा झडतो आणि रिव्हेट ढिले पडतात. म्हणून प्रत्येक रिव्हेट सीलंटमध्ये बुडवूनच मारावा आणि पत्रा-नळीच्या मध्ये पॉलियुरेथेन सीलंटची पट्टी असावी. रिव्हेटसाठी पाडलेल्या भोकांतून पाणी बंद नळीच्या आत शिरतं आणि खालच्या नळ्या आतून गंजतात. पावसाळ्याआधी त्यांत कॅव्हिटी वॅक्स सोडा आणि तळाच्या पत्र्याच्या सखल कोपऱ्यांत पाणी जायला भोकं ठेवा. पावडर कोटिंग दिसायला छान, पण त्याखाली गंज पसरला की पापुद्रा सुटेपर्यंत कळत नाही. खानापुरासारख्या ठिकाणी इपॉक्सी प्राइमरवर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग आम्हाला जास्त योग्य वाटतो, तो खरवडून दुरुस्त करता येतो.

टाकी काठोकाठ भरून ठेवा. ई२० पेट्रोल ओल शोषतं आणि रिकाम्या जागेतली दमट हवा त्याला तीच पुरवते. कार्ब्युरेटर मात्र रिकामे करा. जुने साधे रबरी होज ई२० ने मऊ पडतात, ते आर-नाइन दर्जाचे घाला. गाडी घोड्यांवर, हँडब्रेक सुटा, चाकांना ओंडके. क्लच पेडल लाकडी दांड्याने दाबून ठेवलं तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटत नाही. दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन सुरू करायची सवय घातक आहे. इंजिन पुरतं तापत नाही आणि ओल तेलात जमते. सुरू करायचं तर पंखा चालू होऊन बंद होईपर्यंत चालू द्या, नाहीतर हात लावू नका. एअर फिल्टरचं तोंड आणि सायलेन्सरची नळी जाळीने बांधा, उंदीर आधी तिथेच घर करतात.

सप्टेंबरअखेर गाडी बाहेर काढण्याआधी चौकटीच्या भेगा पाहा. खालच्या विशबोनचे (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या हाताचे) ब्रॅकेट, इंजिन माउंटिंग, मागच्या ॲक्सलचे दुवे, सीटबेल्टचे चौकटीवरचे जोड या चार जागा. बेळगावच्या फाउंड्रींत वापरतात तो तीन डब्यांचा डाय पेनेट्रंट संच आणा : साफ करा, लाल रंग लावून थांबा, पुसा, पांढरा फवारा मारा. भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. तिच्यावर नुसता टाका मारू नका. भेगेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, व्ही आकारात घासा, भरा, आणि ब्रॅकेट का वाकत होता ते शोधून कोनपट्टी जोडा.

प्रश्न : सस्पेन्शनचे बोल्ट किती आवळायचे? गॅरेजवाला म्हणतो, हाताला कळतं. (वाचक, हुक्केरी)

टॉर्क पाना घ्या. ८.८ दर्जाचा कोरडा बोल्ट : एम८ ला २५ न्यूटन मीटर, एम१० ला ४९, एम१२ ला ८५. रबरी बुशाचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आणि सीटवर वजन असतानाच शेवटचा आवळा. हवेत लोंबत्या चाकावर आवळला तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदाच वापरायचा. रॉड एंड (दांड्याच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) बोल्टच्या एकाच बाजूला टांगलेला असेल तर त्याच्या बाहेर मोठ्या व्यासाचा वॉशर घाला, गोळा निसटला तरी सस्पेन्शनचा हात सुटत नाही. रॉड एंडचे आटे व्यासाच्या किमान दीडपट आत असू द्या, म्हणजे एम१२ ला १८ मिमी. प्रत्येक नटावरून ब्रॅकेटवर पिवळ्या पेंटची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरला. दर वेळी ट्रॅकवरून परतल्यावर विजेरी घेऊन खाली वाका आणि सगळ्या रेघा पाहा.